पेलेट इन्सर्ट: पंख्याच्या अलीकडे आणि पलीकडे

अमेरिकेच्या ईशान्य भागातील अनेक जुन्या घरांत दिवाणखान्याच्या भिंतीत विटांची फायरप्लेस असते. ती दिसते सुरेख, पण घर उबदार ठेवण्याच्या कामी फारशी येत नाही, कारण लाकडाची बरीचशी उष्णता धुराबरोबर धुराड्यातून निघून जाते आणि जाताना खोलीतली ऊबही ओढून नेते. म्हणून तिच्या पोकळीत पेलेट जाळणारा इन्सर्ट, म्हणजे विजेवर चालणारी बंदिस्त शेगडी, बसवतात. तिकडे जुने घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांपुढेही हा पर्याय येतो.

पेलेट म्हणजे लाकडाच्या भुशावर प्रचंड दाब देऊन केलेल्या सुमारे ६ मिलिमीटर जाडीच्या कांड्या. त्यांना सहसा वेगळा डिंक लागत नाही; दाबताना तापून मऊ झालेले लाकडातलेच लिग्निन भुसा बांधून ठेवते. चांगल्या पेलेटमध्ये ओलावा १० टक्क्यांहून कमी आणि राख १ टक्क्याहून कमी असते. मळसूत्री दांडा टाकीतले पेलेट थोडे थोडे करून जळणपात्रात टाकत राहतो.

सुरक्षिततेचे मर्म मात्र हवेच्या वाटेत आहे. चुलीत आपण फुंकणीने हवा घालतो; इथे त्याच्या उलट, एक पंखा धूर ओढून बाहेर ढकलतो आणि त्या ओढीने ताजी हवा ज्वालेखाली येते. त्यामुळे पंख्याच्या अलीकडे, म्हणजे दारामागच्या ज्वालाकक्षात, दाब खोलीपेक्षा कमी असतो, तर पलीकडच्या नळीत तो जास्त असू शकतो. दाराची फट बंद ठेवणारी दोरीसारखी पट्टी, म्हणजे गॅस्केट, झिजली तर खोलीतली हवा भलत्या वाटेने आत शिरते, ज्वाला मंद आणि काळपट होते, काच काजळते. नळीचा सांधा सैल असेल तर मात्र धूर आणि त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड घरात येतो, आणि या वायूला रंग नसतो, वासही नसतो. पहिला बिघाड डोळ्यांना दिसतो, दुसरा इन्सर्टच्या मागे दडलेला असतो, आणि म्हणूनच मला त्याची अधिक धास्ती वाटते.

म्हणून बसवताना नळी जुन्या धुराड्यात नुसती वळवून सोडू नये. आधी धुराड्यातली जुनी काजळी काढून, त्यात सहसा ४ इंच व्यासाची स्टेनलेस स्टीलची नळी थेट शेंड्यापर्यंत न्यावी, वर टोपी बसवावी आणि प्रत्येक सांधा उत्पादकाने सांगितलेल्या उष्णतारोधक द्रव्याने बंद करावा. उंच नळीचा आणखी एक फायदा असा की वीज गेल्यावर पंखा थांबला, तरी पात्रात धुमसणाऱ्या पेलेटचा धूर गरम हवेच्या नैसर्गिक ओढीने बराचसा वर जातो. लाकडी चौकटीपासूनचे अंतर पुस्तिकेत दिलेलेच ठेवावे, स्थानिक परवाना घ्यावा आणि कार्बन मोनॉक्साइडचा गजर झोपण्याच्या खोल्यांजवळ लावावा.

देखभालीत जळणपात्र रोज पाहावे लागते. राख वितळून गोठली की तिचा काचेसारखा कडक खडा तळाच्या छिद्रांवर बसतो आणि हवा अडते; शेगडी थंड झाल्यावर तो खरवडून काढावा. गॅस्केट तपासायला कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे. ती सहज ओढून निघाली तर गॅस्केट बदलायची वेळ झाली आहे. सांध्याजवळ करड्या-तपकिरी भुकटीचा ओघळ दिसला तर तो गळतीचा माग समजावा आणि सांधा दुरुस्त होईपर्यंत शेगडी पेटवू नये. एनएफपीए २११ या अमेरिकी मानकात धुराड्याची वर्षातून किमान एकदा तपासणी सांगितली आहे. त्या वेळी इन्सर्ट बाहेर सरकवून मागची राखही काढून घ्यावी.

काढलेली राख घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात भरून घराबाहेर, न जळणाऱ्या फरशीवर ठेवावी. वरून गार दिसणाऱ्या राखेत निखारा दिवस-दिवस जिवंत राहतो, आणि तीच राख घरातल्या साध्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढली तर हवेच्या झोताने तो आतल्या पिशवीत पुन्हा फुलतो.