खादी आणि हातमाग: झब्ब्याचे सूत कोणी कातले?

लग्नसराईच्या तोंडावर झब्बा किंवा जाकीट घ्यायला गेले की दुकानदार कापड हातात देत म्हणतो, "प्युअर खादी आहे, हातमागाची." दोन्ही शब्द एका दमात उच्चारले जातात, त्यामुळे ते एकाच वस्तूची दोन नावे आहेत असे आपल्याला वाटू लागते. प्रत्यक्षात त्यांत एक नेमका फरक आहे. हाताने घडवलेले चांगले पुरुषी कपडे शोधणाऱ्याला, एखाद्या ब्रँडचा दावा किती खरा हे ठरवताना, या फरकाइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच होत नाही.

१९५६ च्या खादी आणि ग्रामोद्योग आयोग कायद्यानुसार खादी म्हणजे भारतात हाताने कातलेल्या कापसाच्या, रेशमाच्या किंवा लोकरीच्या सुतापासून, अथवा अशा सुतांच्या मिश्रणातून, भारतातच हातमागावर विणलेले कापड. हातमागावर ठरावीक वस्तूंचे उत्पादन राखून ठेवणारा १९८५ चा कायदा हातमागाची व्याख्या एका ओळीत करतो: यंत्रमाग नसलेला कोणताही माग. सूत कोठून आले, ते कोणी कातले, हे ही दुसरी व्याख्या विचारतच नाही. म्हणून प्रत्येक खादी हातमागाची असते, पण हातमागाचे बहुतेक कापड खादी नसते, कारण त्याचे सूत गिरणीत तयार झालेले असते. गिरण्यांनी आपल्या सुताचा काही हिस्सा लडीच्या रूपात बांधून द्यावा असे सरकारी बंधन आहे, ते मुख्यतः हातमागांना सूत मिळावे यासाठीच.

ज्यांच्या नावाशी खादी कायमची जोडली गेली, त्या गांधीजींचाही सुरुवातीला हाच घोटाळा झाला होता. १९०९ साली स्वराज्याविषयी लिहिताना आपल्याला माग आणि चरखा यांतला फरक ठाऊक नव्हता, चरख्याच्या जागी आपण मागच लिहून गेलो, असे त्यांनी पुढे स्वतः नमूद केले आहे. १९१५ नंतर आश्रमात माग बसले, पालनपूरहून शिकवायला विणकर आला, मगनलाल गांधींनी ती विद्या आत्मसात केली आणि आश्रमवासी स्वतः विणलेले कापड वापरू लागले. तरी सूत गिरणीचेच होते, आणि सुतासाठी गिरणीच्या दारात उभे राहावे लागते तोवर आपण गिरणीचे बिनपगारी दलाल आहोत, ही गोष्ट त्यांना बोचत राहिली. आजच्या भाषेत सांगायचे तर आश्रमात हातमागाचे कापड होते, खादी नव्हती. पुढे गंगाबेन मजमुदार यांनी बडोदे संस्थानातल्या विजापूर येथे माळ्यावर टाकून दिलेले चरखे शोधून काढले. कातणाऱ्या बाया तयार होत्या, अडचण पेळूची, म्हणजे कातायला घेण्याच्या पिंजलेल्या कापसाच्या वळकट्यांची, होती. मुंबईचे उमर सोबानी आपल्या गिरणीतून पेळू पाठवू लागले, पण गिरणीचे सूत नको आणि गिरणीचे पेळू चालतात, हे गांधीजींना पटेना. मग गंगाबेननी पिंजारी शोधला आणि पेळूही तिथेच होऊ लागले. त्या पहिल्या खादीचा खर्च वारामागे १७ आणे आला आणि पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, अवघा ३० इंच भरला. महिन्याभरात ४५ इंची धोतर मिळाले नाही तर आखूड पंचाच नेसेन, असे गांधीजींनी बजावले आणि गंगाबेननी मुदतीच्या आत धोतरजोडी पाठवली. खादी आणि हातमाग यांतले अंतर या प्रसंगांत जितके स्पष्ट दिसते, तितके ते कोणत्याही व्याख्येत दिसत नाही.

पेळूचा तो प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही. खादी संस्थांना लागणारे पेळू बऱ्याच प्रमाणात आयोगाच्या मध्यवर्ती केंद्रांत यंत्रावर तयार होतात. तेथून पुढचे कातणे आणि विणणे मात्र माणसाच्या हाताने व्हावे लागते. खादी म्हणजे कापसाच्या बोंडापासून सगळे हाताने, असे जे सांगतात ते सरसकट खरे नाही, हे ठाऊक असावे. याला सन्माननीय अपवाद आहेत. आंध्रातल्या श्रीकाकुलमजवळच्या पोंडुरू गावी वाळुगा माशाच्या जबड्याच्या हाडाने, त्यातल्या बारीक दातांचा फणीसारखा उपयोग करून, कापूस विंचरतात आणि साध्या चरख्यावर अतिशय बारीक सूत काढतात. पोंडुरूचे धोतर नेसलेल्या माणसाला ते सोडून दुसरे नेसवत नाही, हे मी जवळून पाहिले आहे.

हाताने कातलेल्या सुताला पीळ कमी-जास्त बसतो. बोट थोडे ढिले पडले की धागा जाडसर होतो, ओढ लागली की बारीक होतो, आणि या असमान धाग्यांच्या विणीत हवा खेळायला जागा राहते. म्हणून नवी खादी हाताला खरखरीत लागली तरी पाच-सहा धुण्यांनंतर ती अंगाची होते. वैशाखात तिच्यासारखा सदरा नाही. गिरणीचे सूत एकसारखे असल्यामुळे हातमागाचा विणकर त्यावर खादीत सहजी न साधणाऱ्या गोष्टी करतो. मंगळगिरीचे सुती कापड घट्ट, सपाट आणि नेमक्या काठाचे असते. आपल्या औरंगाबादची हिमरू तर कापूस आणि रेशीम एकत्र विणून शेरवानी आणि जाकिटांसाठी नक्षी उठवते. हिमरू खादी नाही म्हणून ती खालच्या दर्जाची ठरत नाही, तिचे कौशल्य सगळे मागावर आहे. केरळचा कसवू म्हणजे सोनेरी जरीच्या काठाचा मुंडू, लुंगीसारखे नेसायचे वस्त्र, तोही याच जातीचा.

किमतीचा फरक मात्र सुतातून येतो. पन्हा ३६ इंचांचा, इंचाला उभे धागे ५० आणि आडवे ४५, असे तीन मीटर मध्यम पोताचे कापड एका झब्ब्याला लागते असे धरले, तर उभ्या धाग्यांत सुमारे साडेपाच किलोमीटर आणि आडव्यांत जवळजवळ पाच किलोमीटर सूत जाते. खादीत सुताची एक गुंडी, म्हणजे लडी, १,००० मीटरची, म्हणजे एका झब्ब्याच्या साधारण दहा गुंड्या झाल्या. एप्रिल २०२५ पासून कातणाऱ्याला गुंडीमागे १५ रुपये मिळतात, त्याआधी साडेबारा मिळत. या हिशेबाने आपल्या अंगावरच्या झब्ब्याच्या कताईचे १५० रुपये होतात. शिवाय हातसूत मागावर वारंवार तुटते, विणकराला ते सांधत बसावे लागते आणि दिवसाकाठी कापड कमी निघते. 'प्युअर खादी'चा तयार झब्बा जेव्हा तीन-चारशे रुपयांत पुढे येतो, तेव्हा हा हिशेब मनात करून पाहावा आणि तो कुठे जुळतो ते दुकानदाराला विचारावे.

या दोहोंच्या सीमेवरची काही कापडेही बाजारात आहेत. हैदराबादेत उभी राहिलेली 'मलखा' ही त्यांतली माझ्या आवडीची. मलमल आणि खादी यांवरून तिचे नाव आले. कापूस गाठीत दाबून न पाठवता पिकतो त्या भागातच छोट्या यंत्रांवर कातायचा आणि हातमागावर विणायचा, असा तिचा क्रम आहे. कापड मऊ आणि टिकाऊ असते, रंग बहुधा नैसर्गिक असतात. सूत यंत्राचे असल्याने ती खादी ठरत नाही, आणि हातमागाचे कापड म्हणून ती उत्तम आहे. २०१८ पासून सौर चरख्याचाही गाजावाजा झाला. चरखा मोटरवर फिरत असेल, मग वीज उन्हातून आलेली असो की तारेतून, ते सूत हाताने कातलेले म्हणता येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. अंबर चरख्याला अनेक चात्या, म्हणजे सूत गुंडाळणाऱ्या फिरत्या सळ्या, असतात, पण तो हातानेच फिरवायचा असतो, म्हणून त्याचे सूत खादीत बसते.

दुकानात ओळखायचे कसे, हा अवघड भाग आहे, कारण गिरण्याही आता मुद्दाम गाठी असलेले सूत काढतात आणि 'खादी लूक' म्हणून विकतात. कापडाच्या कापलेल्या कडेतून एक उभा आणि एक आडवा धागा काढावा आणि दोन्ही उजेडासमोर धरावेत. हातसूत वीतभर अंतरातही सतत बदलत असते. गिरणीच्या नकली धाग्यात मात्र एरवी सपाट असलेल्या सुतावर मधूनच फुगवटे आलेले दिसतात. दोन्ही धागे पाहायचे ते यासाठी की ताण्याला गिरणीचे सूत आणि बाण्याला हातसूत घालून विणलेले कापडही खादी म्हणून खपवले जाते. काठ पाहावा: तो झालरीसारखा सुटलेला आणि कापलेला असेल, तर ते बिनधोट्याच्या, म्हणजे आडवा धागा ने-आण करणारा धोटा नसलेल्या, आधुनिक मागावरचे कापड आहे, हातमागाचे नक्कीच नाही. काठ बंद असला म्हणून हातमाग सिद्ध होत नाही, कारण इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीच्या धोट्याच्या यंत्रमागांवरही काठ बंदच निघतो. धागा जाळून पाहण्याची जुनी युक्ती कापूस की पॉलिएस्टर एवढेच सांगते, हाताचे की यंत्राचे हे तिला कळत नाही.

म्हणून शेवटी खुणेवर विसंबावे लागते. खादीसाठी 'खादी मार्क' आहे, त्याचे नियम २०१३ चे. हातमागासाठी 'हँडलूम मार्क' २००६ पासून आहे. एखाद्या ब्रँडच्या कपड्यावर हँडलूम मार्क आणि जाहिरातीत 'खादी' हा शब्द असेल, तर त्याने खादी म्हणून विकलेले कापड हातमागाचे आहे, इतकेच सिद्ध होते. चांगले ब्रँड सूत कोणत्या संस्थेचे आणि विणले कोणत्या गावी हे विचारल्याबरोबर सांगतात. माझ्या अनुभवात हा प्रश्न ऐकून आनंदाने बोलू लागणारा विक्रेता आणि विषय बदलणारा विक्रेता यांच्या मालातही तेवढाच फरक निघतो.

कापड घेतल्यावर शिंप्याकडे नेण्याची घाई करू नये. खादी आणि खळ दिलेले हातमागाचे कापड दोन्ही आटतात, खादी अधिक. एकदा मी खादी तशीच शिवायला टाकली आणि पहिल्याच धुण्यात बाह्या मनगटाच्या वर गेल्या, तो सदरा भावाच्या मुलाला द्यावा लागला. तेव्हापासून कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवतो, न पिळता सावलीत वाळवतो, आणि मगच मापाला नेतो. पन्हा ३६ इंची असेल तर शिंप्याला आधी विचारावे, कारण ५८ इंची गिरणीच्या कापडावर हात बसलेले शिंपी सव्वादोन-अडीच मीटर सांगून मोकळे होतात, आणि मग कळी किंवा बाहीला तुकडा कमी पडतो.