कॉम्प्युटरचं नाव की आयपी अ‍ॅड्रेस? घरून ऑफिसचं मशिन जोडताना

शुक्रवारी निघता निघता मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर सीएमडी, म्हणजे कमांड टाइप करायची काळी खिडकी, उघडलं, 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) मारलं, १९२.१६८.१.२३ हा आकडा, म्हणजे मशिनचा नेटवर्कमधला आयपी पत्ता, डायरीत टिपला आणि निर्धास्त घरी आले. शनिवारी व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची सुरक्षित वाट) लावला, दूरचं मशिन आपल्या पडद्यावर चालवणाऱ्या रिमोट डेस्कटॉपमध्ये तोच आकडा टाकला. बराच वेळ गोल फिरत राहिलं आणि शेवटी जोडता येत नाही असा मेसेज. दोन तास डोकं खाल्ल्यावर राउटरची यादी उघडून पाहिली, तर १९२.१६८.१.२३ आमच्याच हॉलमध्ये होता. टीव्हीचा! सकाळपासून मी टीव्हीत लॉगिन करायला बघत होते.

यात चमत्कार काही नाही. १९२.१६८ ने, १० ने आणि १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होणारे पत्ते खाजगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. कुठल्याही घरात, कुठल्याही ऑफिसात तेच आकडे पुन्हा पुन्हा चालतात. शिवाय हा आकडा बहुतेक वेळा राउटर किंवा सर्व्हर ठरावीक मुदतीसाठी देतो. दवाखान्यातल्या टोकनसारखं: आज २३ नंबर तुमचा, उद्या दुसऱ्या कुणाचा. ऑफिसात वायर काढून वायफाय लावलं तरी आकडा बदलतो. गूगलवर 'माझा आयपी' शोधून मिळणारा आकडा तर आणखी निराळा. तो अख्ख्या ऑफिसचा बाहेरचा पत्ता असतो, तुमच्या टेबलाचा नाही.

कॉम्प्युटरचं नाव मात्र मशिनला चिकटलेलं असतं. आयटीवाल्यांनी बदललं किंवा मशिनच नवीन आलं, तरच ते बदलतं. विंडोज १० किंवा ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, अबाउट या वाटेने गेलं की वरच 'डिव्हाइस नेम' दिसतं. मला सीएमडीत 'होस्टनेम' टाइप करणं सोपं वाटतं. नाव 'डेस्कटॉप' आणि पुढे सात सरमिसळ अक्षरं असं असेल, तर हाताने उतरवू नका. 'होस्टनेम', मग उभी रेघ, मग 'क्लिप' असं (hostname | clip) लिहून एंटर मारा. नाव कॉपी होतं, ते स्वतःला मेल करून टाका.

पण नाव एकटं कामाचं नाही. या नावाचा आजचा आकडा कोणता, हे सांगणारा कुणीतरी लागतो, आणि ते काम ऑफिसचा डीएनएस सर्व्हर करतो. टोकन कुणाचं कोणतं हे कंपाउंडरला माहीत असतं, तसं. तो कंपाउंडर ऑफिसच्या आत बसलेला, म्हणून व्हीपीएन लावल्याशिवाय घरून नुसतं नाव टाकून काही होत नाही. व्हीपीएन लावूनही छोटं नाव चाललं नाही तर पूर्ण नाव वापरा. मशिन कंपनीच्या डोमेनमध्ये (कंपनीने एकत्र सांभाळलेल्या मशिनच्या गटात) असेल तर अबाउटच्या पानावर टिंबांनी जोडलेलं लांबलचक नाव दिसतं, ते हे. मी आता तेच वापरते.

मग आकडा टाकाऊच का? नाही. नावाने जोडलं जात नाही पण आकड्याने जातं, असं झालं तर गडबड नाव शोधण्यात आहे, मशिनमध्ये नाही. आयटीला फोन करताना एवढं एक वाक्य सांगितलंत तर समोरच्याचा अर्धा तास वाचतो. आणि आयटीने मुद्दाम कायमचा पत्ता बांधून दिला असेल, तर तो खुशाल वापरा.

आणखी एक घोळ नेहमीचा: कॉम्प्युटरच्या नावाच्या रकान्यात स्वतःचं लॉगिन नाव टाकणं. ते नंतर, पासवर्डबरोबर विचारतात. ते बघायचं असेल तर 'हूअ‍ॅमआय' (whoami) ही कमांड आहे.

कॉम्प्युटरचं नाव आणि लॉगिन दोन्ही बरोबर असूनही दार उघडत नसेल, तर समोरच्या मशिनवर रिमोट डेस्कटॉप चालू केलेलं आहे का ते तपासून घ्या. विंडोजच्या होम आवृत्तीत ती सोय नसतेच; तिथून दुसरीकडे जाता येतं, तिच्यात येता येत नाही. आणि मशिन स्लीपमध्ये गेलं असेल तर नाव काय नि आकडा काय. शुक्रवारी शटडाऊन करू नका, विंडोज आणि एल दाबून लॉक करा आणि निघा. मॉनिटर बंद केला तरी चालतो.