डिप्लॉयमेंट पाइपलाइनमध्ये आउटपुट व एरर लॉग पुढे पाठवणे

प्रोग्रॅम बांधणे (बिल्ड), तपासणे (टेस्ट), वापरात आणणे (डिप्लॉय) अशा पायऱ्यांनी आपोआप चालणाऱ्या पाइपलाइनमध्ये एका पायरीचे फलित पुढच्या पायरीच्या हाती देण्याची पद्धत. पुढे जाणाऱ्या गोष्टी तीन: पुढच्या पायरीला लागणारे मूल्य (उदा. तयार झालेल्या कंटेनर इमेजचा, म्हणजे चालवायला तयार अशा प्रोग्रॅमच्या गाठोड्याचा, टॅग), माणसाने वाचायचा लॉग (काय घडले याची नोंद) आणि एक्झिट कोड (आज्ञा संपताना मागे ठेवते तो आकडा). कोड शून्य आला तर काम झाले, दुसरा कुठलाही आकडा आला तर फसले. बहुतेक कटकटी या तिघांच्या सरमिसळीतून होतात.

ही सरमिसळ जुनीच आहे. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये १९७३ साली पाइप आला आणि एका प्रोग्रॅमचे आउटपुट थेट दुसऱ्याचे इनपुट होऊ लागले. पण त्रुटींचे संदेशही त्याच वाटेने जात. युनिक्स जिथे घडले त्या बेल लॅब्समध्ये फोटोटाइपसेटरवर (छपाईचा मजकूर प्रकाशाने कागदावर उमटवणाऱ्या यंत्रावर) मजकूर पाठवावा, कागद धुऊन काढावा आणि त्यावर ‘फाइल उघडता येत नाही’ एवढीच ओळ सुबक टायपात उमटलेली दिसावी, असे होई. त्या वैतागातून स्टँडर्ड आउटपुट या नेहमीच्या प्रवाहाशेजारी त्रुटींसाठी स्टँडर्ड एरर हा वेगळा प्रवाह निघाला.

गिटहब ॲक्शन्स या पाइपलाइन चालवणाऱ्या सेवेत एका जॉबच्या (पायऱ्यांच्या गटाच्या) पायऱ्या एकाच मशीनवर चालतात, त्यामुळे डिस्कवरची फाइल पुढच्या पायरीला आयती मिळते. गिटहबच्या मशीनवर जॉब बदलला की पाटी कोरी. पायरीने मूल्य पुढे द्यायचे तर ठरलेल्या आउटपुट फाइलमध्ये ‘नाव=मूल्य’ अशी ओळ जोडतात. पूर्वी त्यासाठी एक आज्ञा स्टँडर्ड आउटपुटवरच छापत. लॉगमध्ये आलेला परका मजकूरही आज्ञा म्हणून वाचला जाण्याचा धोका असल्याने ऑक्टोबर २०२२ मध्ये ती पद्धत कालबाह्य ठरवली गेली. मोठे लॉग मात्र आर्टिफॅक्ट (जपून ठेवलेली फाइल) म्हणून चढवतात. वेगळे काही सांगितले नाही तर ते ९० दिवस राहतात. जेन्किन्स या पाइपलाइन चालवणाऱ्या दुसऱ्या साधनात शेल आज्ञेचे स्टँडर्ड आउटपुट थेट व्हेरिएबलमध्ये घेता येते. मात्र त्याच्या शेवटी न दिसणारी नवी ओळ चिकटून येते. ती छाटली नाही तर टॅग बरोबर दिसत असूनही इमेज सापडत नाही.

सर्वात फसवी चूक ‘टी’ या आज्ञेची. लॉग पडद्यावरही दिसावा आणि फाइलमध्येही जावा म्हणून डिप्लॉयची आज्ञा पाइपने ‘टी’ला जोडतात. डिप्लॉय फसते, ‘टी’ आपले काम चोख करते, आणि बॅश (आज्ञा चालवणारा शेल) पाइपमधल्या शेवटच्या आज्ञेचा कोड धरत असल्याने पायरी हिरवी दिसते. उपाय ‘पाइपफेल’ हा पर्याय: पाइपमधली कुठलीही आज्ञा फसली तर सगळे फसले असे तो धरतो. गंमत अशी, की गिटहब ॲक्शन्समध्ये ‘शेल: बॅश’ असे स्पष्ट लिहिले तर तो आपोआप लागू होतो, काहीच लिहिले नाही तर लिनक्सवर बॅशच चालतो, पण त्याच्याविना.

पायरी फसली की पुढच्या वगळल्या जातात, त्यात लॉग चढवणारी पायरीही येते. म्हणून तिला ‘ऑलवेज’ची (काहीही झाले तरी चालव, अशी) अट घालावी लागते, नाहीतर लॉग नेमका हवा तेव्हाच हाती लागत नाही. नोंदवलेली गुपिते (पासवर्ड वगैरे) लॉगमध्ये तारांकित होतात. मात्र तेच गुपित रूप बदलून छापले गेले तर ते झाकले जाईलच याची खात्री नसते.