वाजलं आणि बसलं

"सर, काल रात्री १४० ला वाजत होतं, आज सकाळी ११५ ला पण तुटतंय. माझं मागे चाललंय का?"

मी गिटार शिकवतो आणि हा मेसेज मला महिन्यातून एकदा तरी येतोच. आकडे वेगाचे, म्हणजे मेट्रोनोम (ठोका देणारं यंत्र) मिनिटाला किती ठोके देतो त्याचे. पाठवणारा बदलतो, आकडे थोडे इकडेतिकडे होतात, घाबरणं तेच. आणि माझं उत्तरही तेच. मागे काही चाललेलं नाही. काल १४० ला वाजलं होतं, बसलं नव्हतं.

तबला शिकणाऱ्या पोराला हा फरक वेगळा सांगावा लागत नाही. कायदा (तबल्याच्या बोलांची ठरलेली रचना) हातात बसलाय का, एवढंच त्याला विचारतात. काल रात्री किती लयीपर्यंत पळवलास याची चौकशी कोणी करत नाही. आपल्या गिटारवाल्यांच्या मोबाइलमध्ये मेट्रोनोमचं ॲप आलं आणि सगळी प्रगती एका आकड्यात मावायला लागली. तो आकडा वाजल्याचा असतो. लोक त्याला बसल्याचा समजतात आणि दोन दिवस घसरला की नवीन पिक (तारा छेडायची छोटी चकती) विकत आणतात.

आधी किरकोळ गोंधळ उरकून टाकतो. ठोक्याला चार नोट्स धरल्या तर १२० म्हणजे सेकंदाला आठ नोट्स. ठोक्याला दोनच धरून कोणी "माझं १८०" म्हणत असेल, तर तो सेकंदाला सहा वाजवतोय. त्याचा आकडा ऐकून झोप उडवून घेऊ नका. बाकी अल्टरनेट पिकिंग (पिकचा एक फटका खाली, एक वर), पिकची जाडी, हे तुम्हाला माहीत आहे. पुढे.

एक लिक, म्हणजे सुरांचा छोटा तुकडा, घ्या. ए मायनर, पाचव्या फ्रेटपासून, तारेला तीन नोट्स. सहाव्या तारेवर ५-७-८, पाचवीवर ५-७-८, चौथीवर ५-७-९. तुम्ही ९० ला सुरुवात करता. तीनदा स्वच्छ आलं की पाचने वाढवता. पाऊण तासाने १४०. आता या १४० मध्ये काय काय मिसळलंय ते बघा. बोटं गरम झालीत. त्याच नऊ नोट्स शंभरेक वेळा लागोपाठ वाजवल्यामुळे काही आठवावंच लागत नाहीये, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीची नक्कल आहे. ठोका इतका हळूहळू वाढलाय की कान त्याला सरावलाय. शिवाय शेवटच्या वीस प्रयत्नांतला जो सगळ्यात बरा गेला, तोच तुम्ही वहीत लिहिलाय. यातलं बरंचसं भाड्याचं सामान आहे. गिटार भिंतीला टेकवली की ते परत जातं.

सकाळी गार हाताने, मागेपुढे काही न वाजवता, थेट जे येतं ते तुमच्या मालकीचं.

एका विद्यार्थ्याला मी वहीत दोन रकाने आखायला लावले. रात्रीचा सर्वोत्तम आकडा एकीकडे, सकाळचा पहिला आकडा दुसरीकडे. सहा दिवसांचा रात्रीचा रकाना होता १३२, ११८, १४०, १२१, १३८, १२६. हा बघून कोणाचंही डोकं फिरेल. सकाळचा रकाना १००, १००, १०४, १०४, १०४, १०८. मुलगा तोच, हात तोच, आठवडा तोच. सकाळच्या रकान्याकडे तो बघतच नव्हता, कारण १०८ सांगताना त्याला लाज वाटत होती.

मोजायची माझी पद्धत अशी. दिवसातली पहिली गोष्ट म्हणून गिटार उचला, हात जरा चोळा, ठोका लावा आणि लिक पाच वेळा वाजवा. पाचातली चार स्वच्छ आली तर तो आकडा तुमचा. नाही आली तर चार खाली. खालून चढत वर जायचं नाही, तसं केलंत की पुन्हा भाड्याचं सामान आलं. आठवड्यातून दोनदा पुरे. रोज वजनकाट्यावर उभं राहणाऱ्याचं जे होतं तेच रोज वेग मोजणाऱ्याचं होतं.

मला हे कळलं ते कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये. आदल्या रात्री एक सोलो घरात चोख वाजला होता, एकदा नाही, लागोपाठ सात-आठ वेळा. स्टेजवर आधी दोन गाणी फक्त कॉर्ड्स होत्या, मग अचानक तो सोलो. तिसऱ्या बारलाच (तालाच्या आवर्तनालाच) हात गोठला. मी पुढची कित्येक वर्षं हा दोष स्टेजच्या भीतीवर ढकलला. भीती होती, नाही असं नाही. पण तो सोलो मी कधीही 'अचानक' वाजवलेलाच नव्हता.

या 'अचानक'वर जुना आणि पक्का प्रयोग आहे. १९७९ मध्ये शी आणि मॉर्गन या दोघांनी लोकांना हाताच्या तीन हालचाली शिकवल्या, ठरलेल्या क्रमाने छोटे लाकडी अडसर पाडायच्या. एका गटाने आधी एक हालचाल घोटली, मग दुसरी, मग तिसरी. दुसऱ्या गटाने तिन्ही मिसळून केल्या. सराव चालू असताना पहिला गट सरस दिसला. पण दहा मिनिटांनी आणि पुन्हा दहा दिवसांनी तपासलं, तेव्हा मिसळून करणारे पुढे होते. २००१ मध्ये सायमन आणि ब्योर्क यांनी कळा दाबायच्या क्रमांवर असंच काम केलं आणि वर शिकणाऱ्यांनाच विचारलं, उद्या तुम्हाला कितपत जमेल? एकेक क्रम घोटणाऱ्यांचा अंदाज भलताच आशावादी निघाला. म्हणजे वाजलं आणि बसलं यांची गल्लत फक्त तुमची-माझी नाही.

याचा एक त्रासदायक अर्थ निघतो आणि लोक इथेच सराव सोडतात. सराव सुधारला की रात्रीचा आकडा बहुधा पडतो. लिक चार वेळा, मग कॉर्ड बदलण्याचा एखादा तुकडा, मग दुसरी लिक, मग पुन्हा पहिली, असं फिरत राहिलात तर पाऊण तासाने १४० दिसणार नाही, ११८ दिसेल. दर वेळी हात जरा विसरलेला असतो आणि त्याला पुन्हा शोधावं लागतं. ते शोधणंच बसवतं. तीनदा बरोबर आलं की आपोआप पाचने वाढवणारी ॲप्स मला म्हणूनच आवडत नाहीत. पायऱ्या चढायची मजा मलाही येते, आठवड्यातून एकदा मीही चढतो. पण तो खेळ, हिशेब नव्हे.

झोपेचंही तेच. २००२ मध्ये वॉकर आणि सहकाऱ्यांनी उजव्या हाताच्या लोकांना डाव्या हाताने पाच टॅप्सचा एक क्रम शिकवला. रात्रभर झोप झाल्यावर वेग सुमारे २० टक्के वाढलेला दिसला. तितकेच तास जागेपणी गेले तर तसा फरक दिसला नाही. पुढे काही संशोधकांनी आक्षेप घेतला की यातला काही भाग नुसता थकवा उतरल्याचा असेल. असेना का. थकलेल्या हाताने रात्री अकराला काढलेला आकडा खोटा होता, हे तर दोन्हीकडून खरंच ठरतं.

(कोकणातल्या आणि मुंबईतल्या मंडळींसाठी: जुलैत अकूस्टिक गिटार अचानक जड वाटली तर आधी तारांची उंची बघा. दमट हवेने लाकूड फुगतं, तारा वर येतात. त्यात तुमच्या बोटांचा दोष नाही.)

आता सकाळचा रकानाच महिना-दीड महिना हलला नाही, तर मात्र ती गोष्ट वेगळी. तिथे आणखी घोटून उपयोग नाही, कारण जे बसलंय तेच अडतंय. वर घेतलेल्या लिकमध्ये सहावीवरून पाचवीवर जाताना आधीचा फटका डाउनस्ट्रोक (खाली) असतो, पाचवीवरून चौथीवर जाताना अपस्ट्रोक (वर). हळू वाजवताना दोन्ही उड्या जमतात, वेगात बहुतेकदा त्यांतली एकच जमते. मोबाइल गिटारच्या खालच्या बाजूला टेकवा, स्लो मोशन लावा आणि १० सेकंद उजवा हात शूट करा. पिक कोणत्या फटक्यानंतर दोन तारांच्या मधे रुतून बसतोय ते दिसेल. मला व्हिडिओ पाठवणार असाल तर तो भाग पाठवा, चेहरा नको.