प्रायमरीपूर्व मतचाचण्या (अमेरिका)

अमेरिकेत अध्यक्षपदाचा पक्षीय उमेदवार ठरवणाऱ्या प्रायमरी (राज्यवार पक्षांतर्गत मतदान) आणि कॉकस (पक्षाच्या स्थानिक सभांतून होणारी निवड) सुरू होण्यापूर्वी, कधी वर्षभर आधीपासून, त्या त्या पक्षाच्या मतदारांचा कल अजमावण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या जनमत चाचण्या. त्यांतील आघाडी पुष्कळदा पाठिंब्यापेक्षा परिचय दाखवते. म्हणून उमेदवाराची टक्केवारी वाचताना त्याला किती मतदार ओळखतात, हेही पाहिलेच पाहिजे.

२००१ च्या हल्ल्यांच्या वेळी न्यूयॉर्कचे महापौर असलेले रूडी जुलियानी देशभर ठाऊक झाले होते आणि २००७ चा बहुतेक काळ रिपब्लिकन चाचण्यांत पुढे होते. त्यांची सारी भिस्त फ्लोरिडावर होती; तेथे २९ जानेवारी २००८ रोजी ते तिसरे आले व दुसऱ्याच दिवशी त्यांनी माघार घेतली. उमेदवारी मिळाली ती, ज्यांची मोहीम आदल्या उन्हाळ्यात पैशाअभावी मोडकळीला आली होती, त्या जॉन मॅकेन यांना. डेमोक्रॅटिक पक्षात हिलरी क्लिंटन यांची वर्षभराची आघाडीही बराक ओबामांपुढे टिकली नाही.

मतदान राज्याराज्यांत क्रमाने होते आणि एका राज्याचा निकाल पुढच्या राज्यातील मते फिरवतो, हे अशी आघाडी न टिकण्याचे मोठे कारण आहे. २००३ सरताना डेमोक्रॅटिक चाचण्यांत हॉवर्ड डीन पुढे होते. १९ जानेवारी २००४ रोजी आयोवात जॉन केरी जिंकले, डीन तिसरे आले, आणि पाठोपाठ न्यू हॅम्पशायरही केरींनी जिंकले. शिवाय सारे उमेदवार एकाच पक्षाचे असल्याने पक्षनिष्ठा मताला बांधून ठेवत नाही.

तरीही या चाचण्या निरर्थक मानणे चुकीचे आहे. २०१९ मध्ये बहुतांश काळ आघाडीवर असलेले जो बायडन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले. पण २९ फेब्रुवारी २०२० रोजी दक्षिण कॅरोलायनातील कृष्णवर्णीय मतदारांनी त्यांना सावरले आणि उमेदवारी त्यांनाच मिळाली. अपरिचित उमेदवाराच्या अल्प टक्केवारीवरून फारसे काही सांगता येत नाही, जसे १९७५ मधील जिमी कार्टर, जे १९७६ मध्ये अध्यक्षपदी निवडून आले. परिचिताची अल्प टक्केवारी मात्र गंभीरपणे घ्यावी. २०१५ च्या पूर्वार्धात रिपब्लिकन चाचण्यांत जेब बुश (एका माजी अध्यक्षांचे पुत्र व दुसऱ्याचे बंधू) आघाडीवर असूनही पंधरा टक्क्यांच्या आसपासच होते; उमेदवारी त्यांना मिळाली नाही.

असे असूनही ६ ऑगस्ट २०१५ च्या मुख्य रिपब्लिकन वादसभेसाठी राष्ट्रीय चाचण्यांच्या सरासरीवरून पहिले दहा जण निवडले गेले, आणि २०१२ चे आयोवा जिंकलेले रिक सँटोरम तिच्याबाहेर राहिले.