डिजिटल काट्याच्या पोटात काय असतं?

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की काटामारीच्या तक्रारी वर्तमानपत्रांत येऊ लागतात आणि मागोमाग मागणी येते, काटे डिजिटल करा. लाल आकडे दिसले की वजन खरं, असा आपला एकूण समज. पण आकडे दाखवणारा डबा फक्त व्होल्टेज मोजतो. वजन त्याच्या आधी कळतं ते खाली बसवलेल्या धातूच्या ठोकळ्याला, म्हणजे लोडसेलला. (लबाडी डब्याच्या सेटिंगमध्येही करता येते, तो प्रांत वैध मापन शास्त्राच्या निरीक्षकांचा, माझा नाही.)

हा ठोकळा म्हणजे चक्क स्प्रिंग, फक्त फार ताठ. वाण्याच्या काट्यात तो ॲल्युमिनियमच्या संमिश्राचा असतो, मधोमध आरपार भोकं पाडलेला. भार पडला की भोकांवरचा पातळ भाग वाकतो आणि तिथेच स्ट्रेन गेज चिकटवलेले असतात. गेज म्हणजे काही मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीच्या धातूच्या पापुद्र्यातून कोरलेली नागमोडी रेघ, खाली प्लॅस्टिकचा पातळ थर. रेघ ताणली की लांब आणि बारीक होते, तिचा विद्युत रोध वाढतो. तारेचा हा गुण केल्विन यांनी १८५६ मध्ये दाखवला होता. तार वस्तूला चिकटवून ताण मोजायची युक्ती मात्र १९३८ साली अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज यांना स्वतंत्रपणे सुचली.

आता हिशेब बघा. ३५० ओहमच्या गेजचा रोध पूर्ण भाराला जेमतेम ०.७ ओहमने बदलतो, म्हणजे ०.२ टक्के. ३ मिलिमीटरचा गेज तेव्हा ३ मायक्रॉन ताणलेला असतो. ३० किलोच्या काट्याला १० ग्रॅम ओळखायचे तर पूर्ण भाराचे ३००० भाग पाडावे लागतात. एका भागाच्या वाट्याला येतो १ नॅनोमीटर, म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग. पारड्यात आल्याचा तुकडा टाकला की गेज एवढाच हलतो!

गेज शुद्ध तांब्याचा का नाही? तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो. अर्ध्या अंशाच्या उकाड्यातच पूर्ण भाराएवढा फरक पडला असता. म्हणून ५५ टक्के तांबं आणि ४५ टक्के निकेल यांचं कॉन्स्टंटन वापरतात. तापमानाचा त्याच्या रोधावर जवळजवळ परिणाम होत नाही. उरलासुरला फरक चार गेजांचा व्हीटस्टन सेतू, म्हणजे रोधातला फरक व्होल्टेजच्या रूपात दाखवणारी त्यांची चौकोनी जोडणी, खाऊन टाकतो.

ठोकळ्यातही तांबं आहेच. '२०२४' क्रमांकाच्या (हे साल नव्हे) ॲल्युमिनियममध्ये ते साडेचार टक्क्यांच्या आसपास असतं, आणि १७-४ पीएच या स्टेनलेस स्टीलमध्येही तीन ते पाच टक्के. उष्णतोपचारात तांब्याचे अणू गोळा होऊन अतिसूक्ष्म कण बनतात आणि धातूचे थर एकमेकांवरून घसरू देत नाहीत. म्हणून भार काढला की ठोकळा मूळ आकारावर परततो. भांड्यांचं स्टील या कामाला मऊ पडतं.

आता माझा आवडता भाग, क्रीप. काट्यावर ५० किलोचं पोतं ठेवून अर्धा तास तसंच राहू द्या. आकडा हळूहळू सरकू शकतो. कारणं दोन आणि नेमकी उलटी. धातू कितीही चांगला असला तरी भाराखाली अगदी किंचित ताणतच राहतो, त्यामुळे आकडा वाढू पाहतो. गोंद आणि गेजखालचं प्लॅस्टिक मात्र ताणाखाली सैलावतं, रेघ थोडी मागे येते आणि आकडा उतरू पाहतो. या दोन्ही चुका कुणी नाहीशा करत बसत नाही, त्या एकमेकींवर सोडतात. नागमोडी रेघ जिथे वळते ती टोकाची वळणं लांब ठेवली तर गेज कमी निसटतो, आखूड ठेवली तर जास्त. गादीखाली चादर जितकी खोल खोचाल तितकी ती कमी सुटते, तसंच. एकच गेज वेगवेगळ्या टोकांचा मिळतो. लोडसेल बनवणारे आपला धातू आणि आपला गोंद घेऊन चाचण्या करतात आणि वर जाणं व खाली येणं बरोबर फिटेल तो गेज निवडतात. पापुद्रा प्रकाशचित्रणाच्या तंत्राने कोरतात, त्यामुळे टोकाची लांबी हवी तशी ठेवता येते. तरीही प्लॅस्टिक उन्हात जास्त सैलावतं, आणि २० अंशांना जुळवलेला मेळ ४० अंशांना थोडा बिघडतो.

एवढं करूनही चांगल्या लोडसेलचा क्रीप अर्ध्या तासात ०.०२ टक्क्यांच्या घरात असतो. १०० किलोवर हे झाले २० ग्रॅम. आत्म्याचं वजन २१ ग्रॅम, हा संदेश फिरवणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. अमेरिकेतल्या डंकन मॅकडूगल या डॉक्टरने १९०७ साली हा दावा छापला, तो मरणासन्न रुग्णांना खाटेसकट काट्यावर ठेवून. त्याच्याकडे लोडसेल नव्हता, दांडीचा काटा होता. रुग्ण अवघे सहा, आणि २१ ग्रॅमचा आकडा त्यातल्या एकाचाच.

क्रीपपेक्षा आपल्याकडे जास्त काटे ओल बिघडवते. गेजखालचं प्लॅस्टिक दमट हवेतलं पाणी शोषून फुगतं, आणि जोडांवर ओल गेली की वीज नको त्या वाटेने झिरपते. ॲल्युमिनियमच्या सेलमध्ये गेजवर साधारणपणे सिलिकॉनसारखा थर देतात. खाऱ्या वाऱ्याच्या बंदरावर किंवा रोज धुतल्या जाणाऱ्या डेअरीत तो पुरत नाही. तिथे स्टेनलेसचा, झाकण वेल्डिंगने हवाबंद केलेला सेल लागतो. पावसाळ्यात रिकामा काटा शून्यावर टिकत नसेल तर डबा बदलायच्या आधी सेल आणि त्याच्या केबलचे जोड तपासून घ्या.