खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर ड्रेसिंगखाली येणारे फोड

खुब्याचा सांधा बदलल्यावर किंवा मोडलेले हाड बसवल्यावर जखमेवर ड्रेसिंग लावतात. त्याच्या चिकट भागाखाली काही रुग्णांना पाण्याचे फोड येतात. टाके व्यवस्थित भरत असतात आणि शेजारीच, चिकटपट्टीच्या कडेला, पातळ पिवळसर पाण्याने टरारलेला फुगा दिसतो. बऱ्याचदा याला ॲलर्जी समजतात. पण बहुतेक वेळा कारण असते ते त्वचेवर पडणारा ताण.

शस्त्रक्रियेनंतर मांडी सुजते. न ताणली जाणारी पट्टी मात्र जागची हलत नाही. खालची त्वचा फुगते, वरची पट्टीला चिकटून राहते आणि रुग्ण उठू-बसू लागला की हा ताण वाढतो. शेवटी बाह्यत्वचा अंतस्त्वचेपासून सुटते आणि मधल्या पोकळीत पाणी साठते. वृद्धांची आणि दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांची त्वचा पातळ असते, त्यांना धोका अधिक. फोड फुटला की जंतूंना वाट मिळते. आत कृत्रिम सांधा असताना ही गोष्ट किरकोळ मानता येत नाही.

प्रतिबंधाचा मोठा भाग ड्रेसिंग लावण्याच्या क्षणीच घडतो. निर्जंतुक करणारे द्रावण पूर्ण वाळू द्यावे. ड्रेसिंग मधोमध टेकवून कडांकडे हलक्या हाताने बसवावे, ओढून ताणून कधीही नाही. घट्ट बसावे म्हणून पट्टी खेचण्याची सवय फार जुनी आहे आणि बरेचसे फोड तिच्यामुळेच येतात. सूज वाढेल हे धरून ताणले जाणारे, मऊ ड्रेसिंग निवडावे. सिलिकॉनचा थर असलेली ड्रेसिंगे त्वचेला कमी ओढतात. नाजूक त्वचेवर आधी संरक्षक द्रावणाचा थर देता येतो. ड्रेसिंग भिजलेले किंवा सुटलेले नसेल, तर ते वारंवार बदलू नये; प्रत्येक वेळी पट्टीबरोबर त्वचेचा थोडा थर निघतो.

काढतानाही घाई नको. एका हाताने त्वचा दाबून धरावी आणि पट्टी केसांच्या दिशेने, त्वचेला जवळजवळ समांतर ठेवून सावकाश सोडवावी. पारदर्शक फिल्म असेल तर ती त्वचेला समांतर ताणली की आपोआप सुटते.

फोड आलाच तर सहसा तो घरी फोडू नये; वरची त्वचा खालच्या जखमेचे रक्षण करते. पाणी लालसर किंवा गढूळ दिसले, भोवती लाली पसरली अथवा ताप आला, तर त्याच दिवशी शल्यचिकित्सकाला दाखवावे.